बेटासमोरच्या गावचा माणूस

बहरीनमधल्या माहूज भागातल्या आमच्या बिल्डिंगचा वॉचमन गॅम्बियाचा. पन्नाशीचा, उंच, मोजकं बोलणारा. चार वर्षांत आमचं बोलणं 'गुड मॉर्निंग'पुढे गेलं नव्हतं.

मुलीला शाळेत प्रोजेक्ट मिळाला: आफ्रिकेतल्या एका नदीतलं छोटं बेट आणि तिथली युरोपियनांची सुरुवातीची वसाहत. लिफ्टपाशी ती मला पडक्या किल्ल्याचा फोटो दाखवत होती, तेवढ्यात वॉचमन खुर्चीवरून उठून आला.

"मॅडम, हे आमच्या गावासमोरचं बेट," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "मी पाहुण्यांना होडीतून तिथे न्यायचो."

मुलगी तिथेच पायरीवर बसली. त्याने एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर नदी काढली, मधोमध ठिपक्याएवढं बेट. आधी बाल्टिक समुद्राकडच्या एका छोट्या राज्याची माणसं आली, त्यांनी किल्ला बांधला. मग तो इंग्रजांनी घेतला.

"पण बेटावर प्यायला पाणी नाही. पाणी, सरपण, सगळं आमच्या काठावरून जायचं. आमच्या राजाशी बिनसलं की होड्या बंद. तोफा असूनही त्यांना बोलणी करावी लागायची."

"अँड द स्लेव्ज, अंकल?" मुलीने विचारलं.

त्याने बेटाच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "त्यांनाही तिथेच कोंडायचे. आणि त्यांना पकडून विकणारे आमच्यातलेही होते. तेही लिही."

दुसऱ्या दिवशी मुलीने टीचरला सांगितलं आणि टीचरने त्याला वर्गात बोलावलं. तो अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून, बूट चकाचक करून आला. मी मागच्या बाकावर बसले. वीस मिनिटं कोणी हललं नाही. शेवटी एका मुलीने विचारलं, होडीतल्या गोऱ्या पाहुण्यांचा राग नाही यायचा?

"यायचा," तो म्हणाला. "म्हणून मी आधी आमच्या चुका सांगायचो, मग त्यांच्या. मग ते कान देऊन ऐकायचे."

परतताना माझ्या गाडीत त्याने भावाला फोन लावला. होडी आता भाऊ चालवतो. दोघं मोठमोठ्याने हसत होते. मला 'बहरीन' सोडून एक शब्द कळला नाही. सिग्नलला थांबले तेव्हा मनात आलं, माझ्या साताऱ्याकडच्या गावात कोणाला कोणत्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, हे मी मुलीला अजून सांगितलेलं नाही.

त्या रात्री जेवताना सांगितलं.