आक्काचा पिक्चर

आक्काला पिक्चरमधली गाणी अजिबात चालत नसत. गाणं आलं की "हितं एक गानं हाय" एवढंच म्हणून ती पुढे पळायची. बाहत्तरच्या दुष्काळात पाथर्डीकडे रस्त्याच्या कामावर आम्ही बायका खडी फोडायला बसत असू. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शेजारच्या ढिगाऱ्यावर बसणारी आक्का हे मला सासरच्या गावात भेटलेलं पहिलं मायेचं माणूस.

नगरला कधीतरी बघितलेला एकच मारामारीचा पिक्चर तिच्या गाठीला होता. तेवढ्या भांडवलावर तिने आमचा अख्खा उन्हाळा निभावून नेला. मोटारी एकमेकींच्या मागे लागायच्या, पूल कोसळायचा, आणि गडी, म्हणजे हिरो, खोल खड्ड्यात वात पेटवून दोराने वर चढायचा. "जीव टांगनीला लागला पायजे, मग ऊन कळत न्हाई," असं तिचं म्हणणं. आमचे हातोडे तिच्या बोलण्याबरोबर भरभर चालत. मुकादमसुद्धा छत्री घेऊन जवळ येऊन उभा राही. नेमकी तेव्हाच ती पाणी प्यायला थांबायची, आणि मला तिचा भयंकर राग यायचा.

दुपारी मात्र ती थांबत नसे. टेकडीपलीकडे विहीर खोल करायचं काम चालू होतं आणि सुरुंगांच्या वाती पेटवायला आक्काचे मालक उतरायचे. मी त्यांना दाजी म्हणायची. चार वाती पेटवून दोराने वर यायचं, मग चार बार उडायचे, मग सगळे सुखरूप असल्याची शिट्टी वाजायची. ती वाजेपर्यंत आक्का पिक्चर असा पळवायची की ऐकणारीला धाप लागावी. तिच्या हातातला दगड मात्र तसाच असायचा. आम्हाला सगळं कळायचं.

एके दिवशी तीनच बार उडाले. चौथा येईना. आक्का बोलता बोलता थांबली. न उडालेला बार बघायला पुन्हा खाली उतरावं लागतं, आणि उतरणार कोण हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. एकीने हातोडा खाली ठेवला, मग सगळ्याच थांबल्या. मी आक्काचा हात धरला तर तो त्या उन्हातही गार होता.

"आता त्यानं दोर धरलाय," ती टेकडीकडे बघत म्हणाली. "आता एक पाय कपारीत टेकलाय." ती पिक्चरच पुढे सांगत होती, पण इतक्या सावकाश मी तिला कधी ऐकलं नव्हतं. खूप वेळाने चौथा बार उडाला. त्यानंतरचा वेळ आठवला की अजून घाबरायला होतं. मग शिट्टी वाजली. आक्का तोंडाला पदर लावून रडली आणि आम्हीही रडलो.

दुष्काळ सरल्यावर एका जत्रेत तोच पिक्चर तंबूत लागला. आम्ही सगळे गेलो. मोटारी होत्या, पूल होता, गाणी तर ढीगभर होती. संपत आला तरी दोर येईना, म्हणून मी आक्काला हळूच विचारलं.

"त्यो ह्यात न्हाई बाई," ती म्हणाली. "त्यो माझ्या घरचा हाय."

पडद्यावर मोटारी सुसाट सुटल्या होत्या. पलीकडे पुरुषांच्या बाजूला दाजी मान टाकून गाढ झोपले होते, आणि आक्का पडदा सोडून त्यांच्याकडेच बघत होती.