हार्नकोटच्या बाईसाहेबांचं ओक

...तर पंधरा-वीस माणसं पेले उंचावून उभी असताना जेथ्रो पिनॉक आपला पेला खिडकीत ठेवून सरळ जेवणाच्या टेबलाखाली शिरला, इथवर गोष्ट आली होती. अडुसष्ट वर्षांचा माणूस, न्यूमोनियातून नुकता उठलेला, आणि दिवस लेडी ऑनोरिया डेव्हरेल यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा! पण तो टेबलाखाली का शिरला हे कळायला त्याचा माळा माहीत हवा.

जेथ्रो हार्नकोट हॉलचा, म्हणजे डेव्हरेलांच्या वाड्याचा, सुतार. त्याच्याआधी त्याचा बाप, बापाआधी आजा. गावच्या शाळेत दोन हिवाळे गेला तेवढंच शिक्षण. पण डेव्हरेल घराण्याची साडेतीनशे वर्षं त्याला तोंडपाठ होती, कारण ती सगळी त्याच्या हाताखालून जात होती. घराण्याची रीतच तशी. हॉलमध्ये नवं मूल रडलं की आठवड्याच्या आत रानातलं एक ओक पडायचं. सून आली तरी तेच. त्याच्या पाच फळ्या कापायच्या, त्यांवर पटाशीने नावाचं अक्षर आणि साल कोरायचं, आणि माळ्यावर रचून ठेवायच्या. दर शरद ऋतूत त्या उलटायच्या. माणूस खाली जगत असतो, त्याचं लाकूड वर वाळत असतं. एक दिवस दोघांची गाठ पडते, तेव्हा शवपेटी इतकी घट्ट जुळते की सांध्यात केसही शिरू नये. सर ॲम्ब्रोजसाठी सहावी फळी लागली, कारण चाळिशीनंतर ते आडवेच वाढले. कॅप्टन बेसिल समुद्रात बुडाले, परत आलेच नाहीत. त्यांच्या फळ्यांचं चर्चचं दार झालं, आणि गावातली प्रत्येक नवरी आजही त्या दारातून आत जाते.

जेथ्रोला आणखी एक खोड होती. तो माणसाला नजरेनेच मापायचा. रविवारी चर्चबाहेर त्याची नजर ज्याच्यावर रेंगाळे, तो दचकायचा.

"ए जेथ्रो, दोनदा बघितलंस माझ्याकडे," पाववाला ओरडायचा. "काय बेत काय आहे तुझा?"

"तुझा नाही रे. तुझ्या पोटाच्या मापाचं झाड अजून या रानात उगवायचंय."

त्या हिवाळ्यात जेथ्रो दोन महिने अंथरुणाला खिळला. त्याच सुमारास मिस्टर पॉम्फ्रेट नावाचा नवा कारभारी शहरातून आला. हुशार, तडफदार माणूस. सुतारशाळेच्या माळ्यावर त्याला पाच फळ्या दिसल्या. मधाच्या रंगाच्या, मांजराच्या पाठीसारख्या गुळगुळीत. वाया चाललेलं लाकूड, असं त्याला वाटलं. त्याने गाडी भरून त्या शहरात धाडल्या आणि बाईसाहेबांच्या वाढदिवसाला आठ माणसांचं देखणं टेबल करून आणलं. कुणाला विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलंही नाही.

जेथ्रो वाढदिवसाला आला तो बायकोच्या, मर्सीच्या, खांद्याला धरून. टेबल बघितलं मात्र, त्याची नजर त्यावरच खिळली. पृष्ठभागावर एक गाठ होती, तिच्यातून तीन रेषा फुटलेल्या, कोंबडीच्या पावलासारख्या. एकसष्ट वर्षं दर शरदात त्याने ती गाठ उलटी केली होती.

"कुठे निघालास?" मर्सीने त्याची बाही धरली. "लाज आणशील, म्हाताऱ्या!"

पण तो आत शिरलाच. अंधारात बोटांनी चाचपडला. बापाच्या हातचं अक्षर सापडलं, आणि त्याखाली साल: १८४७. तो सात वर्षांचा असताना बापाच्या मागे उभा राहून ते झाड पडताना त्याने पाहिलं होतं. बाईसाहेब त्या आठवड्यात एकोणीस वर्षांच्या नवरी म्हणून आल्या होत्या. 'माझ्या लग्नात झाड का पाडता?' म्हणून रडल्या होत्या. बाप टोपी काढून म्हणाला होता, "बाईसाहेब, परक्यासाठी आम्ही झाड पाडत नाही. आता तुम्ही इथल्या." बापाने मरताना जेथ्रोकडून वचन घेतलं होतं: ते ओक दुसऱ्या कुणाला जाऊ द्यायचं नाही.

"पिनॉक! बाहेर या आधी," पॉम्फ्रेट गरजला.

"ओरडू नका," बाईसाहेब म्हणाल्या. "जेथ्रो, माझ्या टेबलाखाली काय करतोयस?"

तो गुडघ्यांवर बाहेर आला. खोटं बोलावं तर वचन जातं, खरं बोलावं तर वाढदिवस. शेवटी तो एवढंच म्हणाला, "बाईसाहेब, हे तुमचं आहे. सत्तेचाळीस सालचं."

रीत गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती एकट्या पॉम्फ्रेटला. पाद्रीबुवांनी त्याच्या कानात सांगितली, तेव्हा तो भिंतीला टेकला.

"म... मी दुसरं ओक आणवतो, मॅडम. उत्तमातलं उत्तम!"

"माझ्याबरोबर एकसष्ट वर्षं म्हातारं झालेलं?" बाईसाहेबांनी विचारलं. "कुठल्या वखारीत मिळतं ते?"

मग त्यांनी हातमोजा काढला आणि तळवा त्या गाठीवर ठेवला. बराच वेळ ठेवला. आयुष्यभर ज्याच्याबद्दल नुसतं ऐकलं, ते त्या पहिल्यांदाच ओळखून पाहत होत्या. ऐंशी वर्षांच्या त्या चेहऱ्यावर एकोणीस वर्षांची नवरी उमटून गेली, असं मर्सी पुढे सगळ्यांना सांगायची.

"केवढं सुंदर झालंय रे," त्या हळूच म्हणाल्या. "सकाळी याच्यावरच अंडं खाल्लं मी." आणि एकदम हसल्या. "जेथ्रो, मला हे इथून हलवायचं नाही. जुन्या लांबलचक टेबलाच्या टोकाला बसून चाळीस वर्षं मला कुणाचं बोलणं ऐकू आलं नाही, इथे येतं. पण तुझ्या बापाचा शब्दही मोडायचा नाहीये मला. आता तूच सांग, करायचं काय?"

जेथ्रोने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, टेबलाकडे एकदा पाहिलं, आणि टोपी छातीशी धरून म्हणाला:

"टेबल साडेसहा फूट आहे, बाईसाहेब, आणि तुम्ही पाच फूट एक, म्हणजे नाताळपासून अर्धा इंच उतरलात. खाली हात फिरवून आलोय मी, सरस लावून चिकटवलेलं कुठे नाही, नुसत्या लाकडी खुंट्या आहेत. वेळ आली की सोडवायला मला एक सकाळ पुरेल. तोवर तुम्ही निवांत जेवा."