पुडीत बांधून द्या

आमच्या शोकेसमध्ये सहा कपांचा एक सेट होता. पांढरा, पातळ, कडेला सोनेरी रेघ. त्या कपांना घरातल्या कुणी तोंड लावायचं नाही, असा आईचा नियम होता. पप्पांनी एकदा त्यातला एक कप बाहेर काढला, तर आई स्वयंपाकघरातून धावत आली. "ठेवा तो. शेजारच्या वहिनींसाठी हाय."

शेजारच्या काकू आमच्याकडे जवळजवळ रोज येत. कप मात्र कायम कोरडे.

नगरला त्या कॉलनीत आम्ही राहायला आलो तेव्हा मी शाळेत होते. पप्पा बँकेत, मूळचे खर्ड्याकडचे. आम्ही बौद्ध. हॉलमध्ये बुद्धाची लहान मूर्ती आणि निळ्या कोटातल्या बाबांचा फोटो, त्यामुळे वेगळं सांगायची गरज कधी पडलीच नाही. काकूंच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मास्तरकी. काका निवृत्त, मुलगा अमेरिकेत. काकू आल्या की सोफ्यावर ऐसपैस बसायच्या, आईला विणकाम शिकवायच्या, आमची इस्त्री न्यायच्या, आणि आई उठली की म्हणायच्या, "बसा हो वहिनी, आत्ताच झाला माझा." पुढे पुढे ॲसिडिटी झाली. मग डॉक्टरांनी दूध बंद केलं. उन्हाळ्यात म्हणायच्या, "पाणी नको, घसा धरलाय."

लहानपणी मला वाटायचं, काय बिचाऱ्या, किती आजारी असतात. मग एकदा गच्चीवरून मी त्यांना समोरच्या घरात बशीतून चहा फुरकताना पाहिलं. आमच्याकडून निघून त्या थेट तिथेच गेल्या होत्या. मी आईला सांगितलं नाही. आईला तोवर कळलं होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. कप मात्र दर शनिवारी धुऊन पुसून परत शोकेसमध्ये जात.

माझ्यावर काकूंचा भारी जीव. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, हळू बोलणारी, मान खाली घालून बसणारी. "किती गुणी आहे हो तुमची मुलगी! आणि काय ते इंग्लिश! वाटत नाही हो अजिबात," असं त्या आईला म्हणायच्या. काय वाटत नाही, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आई हसायची. मी पुस्तकात डोकं घालायचे आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचे.

माझं कॉलेज संपलं त्या सुमारास नगरमध्ये सायबर कॅफे निघाले. मी रविवारी सकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला जायचे आणि येताना कॅफेत थांबायचे. पडदे लावलेल्या खोक्यांमध्ये एकेक कॉम्प्युटर, आत शिरलं की कुणी बघत नाही. काकूंच्या मुलानेही तेव्हा पत्रं लिहायचं सोडून मेल करायला सुरुवात केली होती, आणि अर्थातच ते काम माझ्याकडे आलं. मी मेल छापून आणायचे, काकू आमच्या सोफ्यावर बसून तो ऐकायच्या, डोळे पुसायच्या, उत्तर सांगायच्या. मी ते लिहून घ्यायचे आणि पुढच्या रविवारी पाठवायचे. मुलाची खुशाली आमच्या घरातून, माझ्या तोंडून घेताना त्यांना काही अडत नव्हतं.

अशाच एका मेलमध्ये त्याने लिहिलं होतं, आई, तुझ्या पोटाला तो उकळलेला चहा बरा नाही. इकडे सगळे जपानी ग्रीन टी पितात, तोच घेत जा.

मी वाचून दाखवलं. काकूंचा चेहरा उजळला. "बघा वहिनी! आता घ्यायचा तर तोच. नगरात कुठला मिळायला? म्हणजे आमचा चहा बंदच म्हणा ना!" आणि त्या मोकळेपणाने हसल्या. त्यांना एकदाचं कायमचं कारण मिळालं होतं, तेही मीच वाचून दाखवलेलं.

त्या गेल्यावर आई गवार मोडत बसली होती. जरा वेळाने म्हणाली, "तो चहा कुठं मिळंल गं?"

"कशाला?"

"वहिनी घेतील ना मग. दुसरं कारन काय हाय आता?"

'कारण' हा शब्द तिने वापरला. म्हणजे बहुतेक तिला सगळं कळत होतं. मला इतका राग आला, की मी म्हटलं, आणतेच मी तो चहा. बघूच.

आधी बाजारात विचारलं. आमच्या किराणावाल्याने हिरव्या रंगाचा पुडा काढून पुढे ठेवला आणि वर विचारलं, "हिरवा हाय की. अजून किती हिरवा पायजे?" मग मी इंटरनेटवर शोधलं. जपानी चहा विकणारी दोन-चार दुकानं सापडली. चहाच्या मळ्याचा फोटो वरून खाली एकेक पट्टी उघडत यायचा, अर्ध्यावर आला की लाईन तुटायची. एक दुकान ज्या देशांना माल पाठवायचं, त्या यादीत भारतच नव्हता. मी खालीवर करून पुन्हा पुन्हा पाहिलं. इथेही आपण नाहीच, असं वाटून मला उगाच अपमान झाल्यासारखं झालं. दुसऱ्या दुकानाला कार्डाचा नंबर फॅक्सने हवा होता. जपानमधल्याच एका लहानशा दुकानाने मात्र मेलला उत्तर दिलं. इंग्रजी तोडकंमोडकं, पण फार अदबीचं. भारतातून प्रथमच विचारणा आली म्हणून आभार मानले होते, आणि चहा कसा करायचा ते आपणहून लिहिलं होतं. पाणी उकळा. ते आधी रिकाम्या कपांत ओता, जरा निवू द्या. मग तेच पाणी पानांवर घाला आणि थोडं थांबा. पानं उकळू नका.

आमच्याकडे कुणाचं क्रेडिट कार्ड नव्हतं. मस्कतला नोकरी करणाऱ्या मामेभावाला मेल केला. त्याने उलट लिहिलं, "चहासाठी जपान? आपल्या टपरीवर काय झालं?" पण पैसे भरले.

पार्सल बऱ्याच आठवड्यांनी आलं. कस्टमवाल्यांनी फोडून पुन्हा दोरीने बांधलेलं. आत छोटा डबा, डब्यात चांदीच्या कागदातली पानं, गडद हिरवी, सुईसारखी. आईने वास घेतला आणि म्हणाली, "अगं, ह्याला तर लसूणघासाचा वास येतोय. म्हशीपुढं टाकावा असा हाय."

पप्पा म्हणाले, "बुद्धाच्या देशातून आलाय. नीट बोल."

"बुद्ध काय जपानचे हुते?"

"पोचले तर हुते तिथवर," पप्पा म्हणाले.

मी घरात चहा करून पाहिला. आई मागे उभी राहून सारखी म्हणायची, "उकळू तरी दे जरा. कच्चा राहील." मी तिला पातेल्याला हात लावू दिला नाही. दोनदा कडूजहर झाला, मग जमला. फिकट, पोपटी. आईने दोन्ही वेळा मोरीत ओतला, पण तिसऱ्यांदा मान डोलावली. "आता द्याया हरकत न्हाई."

पुढच्या रविवारी काकू मेल ऐकायला आल्या. आईने सकाळीच सेट काढून ठेवला होता. मी मेल वाचून दाखवला, आत गेले, लिहिल्याप्रमाणे सगळं केलं, आणि ट्रेमधून दोन कप आणले. एक काकूंना, एक आईला.

"हे काय गं?"

"जपानी ग्रीन टी, काकू. तुमच्या मुलाने लिहिलं होतं तोच. जपानहून मागवलाय."

"अय्या! जपानहून? आणि माझ्यासाठी?" त्यांना खरोखर आनंद झाला होता. ते मी नाकारणार नाही. त्यांनी डबा हातात घेतला, उघडला, वास घेतला, जपानी अक्षरांवरून बोट फिरवलं. मग कप उचलला. दोन्ही हातांनी धरला.   काकूंनी कप नाकाजवळ नेला, वाफ घेतली, "वा, काय सुगंध आहे," म्हणाल्या, आणि कप खाली ठेवला.

"आज माझी संकष्टी ना."

"उपासाला चहा चालतो की वहिनी," आई म्हणाली. तिने हे इतक्या पटकन म्हटलं, जणू काकू काय म्हणतील ते ठरवून, उत्तर तयार ठेवूनच ती बसली होती. "दूध बी न्हाई यात. साखर बी न्हाई."

काकूंनी कपाकडे पाहिलं. कारणं संपली होती. मग त्या अगदी गोड हसल्या आणि म्हणाल्या, "असं करा वहिनी, थोडी पत्ती पुडीत बांधून द्या ना. घरी जाऊन करून घेते निवांत."

खर्ड्याकडच्या गोष्टी पप्पा कधीतरी सांगत. आमच्या लोकांनी खळ्यावर मळलेली ज्वारी गावात सगळ्या घरांत जायची. तीच ज्वारी दळून आमच्या घरात भाकरी झाली, की तिला कुणी हात लावायचं नाही. कोरडं चालायचं, पाणी लागलं की बाटायचं. ते गाव, तो काळ, असं मी समजत होते. पत्ती कोरडी होती. कपात आमच्या नळाचं पाणी होतं.

आणि आई उठली होती. खरंच उठली होती. तिने वर्तमानपत्राचा चौकोन फाडला, डबा घेतला, आणि पुडी बांधायला पानं ओतू लागली.

मी तिच्या हातातून डबा काढून घेतला.

"पत्ती मिळणार नाही, काकू," मी म्हणाले.  "चहा तयार आहे. घ्यायचा तर हा घ्या."

"अगं!" आई म्हणाली.

काकूंचा चेहरा लाल झाला. "अगं, चिडतेस कसली एवढी? मी काय असलं काही मानते का?"

असलं काही! खोलीत कुणीच कशाचं नाव काढलं नव्हतं. आईने नाही, मी नाही, आतापर्यंत कधीच नाही. काढलं ते त्यांनीच. मी म्हटलं, "काय मानत नाही तुम्ही, काकू?"

त्या उठल्या. मेलचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, "मुलीला जरा सांभाळा हो वहिनी, सासरी जायचंय तिला," असं आईला म्हणाल्या आणि गेल्या. वहिनी हा शब्द तेवढा शेवटपर्यंत सुटला नाही.

मला वाटलं, आई मला जवळ घेईल. आईने दार लावलं आणि माझ्यावरच उसळली. "तुला कुनी सांगितलं हुतं मधी बोलाया? लई शिकलीस म्हनून? मागितली तिनं, मी देत हुते!"

"ती आपला कप घेत नाही, आई!"

"ठाऊक हाय मला! तुझ्याआधी ठाऊक हाय!" ती ओरडली. मग आवाज खाली आला. "पन माझ्या घरातलं काय तरी तिच्या घरात जात हुतं. चुलीपतोर जात हुतं. तेवढं बी तू जाऊ दिलं न्हाईस."

 काकूंवरच्या रागाला निदान दिशा होती. आईच्या ह्या वाक्याचा जो राग आला, तो कुणावर काढायचा? इतक्या वर्षांत तिची मागणी झिजत झिजत इतकी उरली होती, की वर्तमानपत्रात बांधलेली मूठभर पानं तिला पुरली असती.

पप्पा तेवढ्यात आतून आले. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही, भिंत पातळ होती. त्यांनी काकूंसमोरचा कप उचलला आणि गार झालेला चहा उभ्यानेच पिऊन टाकला. तोंड वाकडं झालं. "कडू हाय," एवढंच म्हणाले, आणि कप वेगळा न ठेवता मोरीत टाकला, आमच्या रोजच्या भांड्यांत. आई त्या कपाकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि आपला कप प्यायली. सगळा.

पुढच्या रविवारी काकूंनी मागच्या अंगणाच्या भिंतीपलीकडून हाक मारली. जणू मधे काही घडलंच नव्हतं. "अगं, त्याचा मेल आला असेल ना? आणतेस का?"

आई दगडावर कपडे घासत होती. तिचा हात थांबला.

"मेलचं बंद केलं मी, काकू," मी म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय."

 मला वाटलं, आता आई पुन्हा चिडणार.  पण तिने मान आणखी खाली घातली आणि कपडे जोरजोरात घासायला लागली. तिचे खांदे हलत होते. रडते आहे की हसते आहे, ते मला मागून दिसलं नाही, आणि पुढे जाऊन बघायचं धाडस झालं नाही.

काकू नंतर आल्या नाहीत. विणकामाच्या सुया आईकडेच राहिल्या, आमची इस्त्री त्यांच्याकडे. संध्याकाळी दार वाजलं की आई अजून काही दिवस मान वर करायची. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. सेट शोकेसमध्ये परत गेला नाही. त्याच कपांतून आम्ही रोजचा चहा पिऊ लागलो, आणि रोजच्या वापरातले कप जसे टवके उडून, कान तुटून जातात तसे ते एकेक करून गेले. जपानी चहा आई मात्र दूध-साखर आणि आलं घालून, खळाखळा उकळून प्यायची. मी तिला एकदाही अडवलं नाही.