तव्याबद्दल अवाक्षर नाही

माझ्या काकाने ठरलेलं लग्न एका तव्यासाठी मोडलं, हे आमच्या इमारतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तळमजल्यावरच्या शिवणवाल्या काकू तर तोंडातली टाचणी न काढता असं सांगतात, जणू त्या तिथेच बसून टीप मारत होत्या: "तिने तवा घासला गं, आणि याने तिला सरळ दार दाखवलं!"

साफ खोटं. काकाने कुणालाही दार दाखवलं नाही. दार तिचं तिनेच शोधलं. तवा घासला म्हणून तो रागावलासुद्धा नाही, त्याने फक्त समजावून सांगितलं. चहा निवेपर्यंत सांगितलं, मग दुसरा चहा केला आणि तोही निवेपर्यंत सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही दोघं सुखी राहा," आणि चपला घातल्या. दोघं म्हणजे काका आणि तवा.

काका लिफ्ट दुरुस्त करतो आणि गच्चीवरच्या एका खोलीत राहतो. स्वतः मात्र जिन्यानेच चढतो, कारण "आत काय काय असतं ते मला माहितेय." खोलीत एक खाट, एक शेगडी आणि भंगारवाल्याकडून आणलेला तो बिडाचा तवा. खोलगट, जाड, एका दांड्याचा आणि उचलताना मनगट 'आई गं' म्हणेल इतका जड. रात्री त्यात बटाटे, सकाळी उरलेल्या बटाट्यांवर अंडी. "एक भांडं, एक जाळ, एक माणूस. स्वस्त आणि सुटसुटीत!" असं काका छाती फुगवून म्हणतो. जेवण होतं चुटकीसरशी, हे खरंच. त्यानंतर तव्याची सेवा सुरू होते. गरम पाण्याने धुवायचा, पुसायचा, जाळावर कोरडा करायचा, तेलाचं बोट फिरवायचं आणि झोपलेल्या बाळासारखा अलगद कोपऱ्यात ठेवायचा. आज्जी म्हणते, "यातली निम्मी सेवा आईच्या गुडघ्यांची केली असती, तर आज मी पळाले असते."

त्याचं भाषण मला तोंडपाठ आहे. आवाज खर्जात, डोळे अर्धे मिटलेले: "म्हणजे बघ, बीड म्हणजे ओतीव लोखंड. तेल तापतं, त्याची साय धरते, सायीवर साय चढते. ती तव्याची कातडी. तू भांडं घासत नाहीस, तू त्याला सोलतेस!" मी ही नक्कल सुरू केली की बाबा हसून हसून लोळतात आणि काका मला रेडिओ म्हणतो.

तर अशा या काकाने चष्म्याच्या दुकानातल्या बाईंना जेवायला बोलावलं. त्या लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मधोमध अडकल्या होत्या आणि काकाने त्यांना हात देऊन बाहेर काढलं होतं. तेव्हापासून त्याच्या चष्म्याची दांडी सारखी सैल व्हायला लागली. अख्खी लिफ्ट उलगडून परत जोडणारा माणूस, पण तो एक स्क्रू काही त्याला आवळता येईना.

गप्पा अडल्याच तर धक्का मारायला म्हणून त्याने आज्जीला आणि मलाही बोलावलं. आज्जी दुपारीच वर जाऊन बसली, मुलाला मदत नको का? संध्याकाळी मी पोचले, तर काका कामाच्या कपड्यांतच तव्यापुढे उकिडवा बसलेला. तवा राखाडी झाला होता आणि त्यावर नारिंगी गंजाचे धब्बे.

"काळाकुट्ट होता रे," आज्जी म्हणाली. "पाहुणी काय म्हणेल? तारेच्या घासणीने खरडला, साबण लावला, छान निथळत ठेवला. त्या आधीच्या पोरीला मेलं घासताच येत नव्हतं."

काकाचा गळा हलला. भाषण वर येताना मला दिसलं.

"संपलास काका तू," मी म्हटलं. "त्या बसायच्या आत तू तव्याच्या कातडीचा विषय काढणार आणि त्या चपला घालणार."

"नाही बोलणार."

"बटाटे चिकटले तरी?"

"जळले तरी. तव्याबद्दल अवाक्षर नाही."

"लावतोस पैज?"

"लावली. बोललो, तर शिवणवाल्या काकूंसमोर माझी नक्कल कर, मी शेजारी उभा राहीन. नाही बोललो, तर महिनाभर रेडिओ बंद. कुणाचीच नक्कल नाही."

आयती शिकार! मी टाळी दिली. काकाने गंज पुसला, तेलाचा एक हात दिला. दुसऱ्याला वेळच नव्हता, जिन्यात चपला वाजल्या.

बटाटे टाकले आणि ते तव्याला असे चिकटले, जणू त्यांचं तिथे नाव लागलं होतं. काका खरवडत राहिला. घामाघूम, पण चूप. मी मदतीचा हात पुढे केला, "काका, आज असं का चिकटतंय रे?"

"बटाटाच तसा आहे," काका म्हणाला.

बाईंनी करपलेला तुकडा चावला. चष्मा कपाळावर सरकवून तव्यात डोकावल्या. "हा साबणाने कुणी घासला?"

काकाने माझ्याकडे पाहिलं. मी आज्जीकडे. आज्जीने छताकडे.

"अहो, याला घासत नाहीत!" बाई उठल्याच. ताट तसंच ठेवून त्यांनी उरलेले बटाटे काढले, पाणी तापवलं, तवा धुतला, जाळावर धरला. आवाज चढा, दर वाक्याच्या शेवटी 'कळतंय ना?' "तेल अगदी पुसट लावायचं, कळतंय ना? थापलं की चिकट होतं, कळतंय ना? माझ्याकडे आहे ना बिडाचा, त्याला मी कुणाला हात लावू देत नाही!"

आणि माझा काका, भाषणाचा मूळ मालक, हनुवटीखाली हात घेऊन विचारत होता, "अस्सं? पुसटच का बरं?"

बाईंनी पहिल्यापासून परत सांगितलं. जेवण निवलं. आज्जी माझ्या कानात पुटपुटली, "हिला त्या पोरीची गोष्ट कळू देऊ नकोस. ही त्या पोरीलाच नावं ठेवील."

निघताना काकाने हळूच विचारलं, "पण एका हाताने झाला का तो नीट?"

"छे! रविवारी येते मी. दुसरा हात द्यायला."

त्या उतरल्या. काकाने माझ्यापुढे हात पसरला, "मी फक्त विचारलं, सांगितलं काहीच नाही," म्हणाला आणि मिटलेल्या ओठांवरून बोट फिरवलं. तेवढ्यात खालच्या वळणावरून आवाज घुमला, "पाणी राहू देऊ नका हं त्यात! कळतंय ना?"

अख्ख्या जिन्याला कळलं. शिवणवाल्या काकूंनी दारातून मान वर करून मला विचारलं, "कोण गं ती? कशी बोलते, करून दाखव ना!"

आणि मी, महिनाभर रेडिओ बंद, कठड्याला धरून नुसती उभी.