धूर दिसेनासा झाला

आमचा फ्लॅट नवी मुंबईत सीवूड्समध्ये, पहिल्या मजल्यावर, आणि खिडकीखालीच सोसायटीचा डिझेल जनरेटर. घर घेताना बिल्डरने बाग दाखवली होती. जनरेटर नंतर उगवला. रस्ता खोदताना कोणीतरी केबल तोडतं, वीज जाते, लिफ्टसाठी जनरेटर सुरू होतो आणि काळा धूर थेट आमच्या घरात. आईला दमा. ती साताऱ्याकडची, दिवसभर त्या खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची हजेरी घेते. ऐकू कमी येतं, पण नजर घारीची. धूर दिसला की खिडकी लावायची आणि काचेआडून सोसायटीचा उद्धार करायची.

मग मी वापरलेल्या खाद्यतेलापासून बनणाऱ्या बायोडिझेलबद्दल वाचलं आणि कमिटीच्या मागे लागलो. चार भाग डिझेल, एक भाग ते. "वड्यांचं तेल जनरेटरला पाजणार काय?" अशी चेष्टा झाली, पण कमिटी तयार झाली. मिश्रण भरल्यावर मी सायलेन्सरपुढे पांढरा रुमाल धरला. पूर्वी तो काळाठिक्कर व्हायचा, आता जेमतेम मळला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? चेअरमननी टाळी दिली. मी घरी येऊन आईला ओरडून सांगितलं, "आता हवा स्वच्छ!" फार आनंद झाला होता मला, खोटं कशाला बोलू.

नंतर एका दुपारी ऑफिसात शेजारणीचा फोन आला. आईला श्वास घेता येत नव्हता. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तिच्या तोंडावर वाफेचा मास्क होता. वीज गेली होती, जनरेटर चालू होता आणि खिडकी सताड उघडी, असं शेजारीण म्हणाली.

मी भडकून जनरेटरच्या सर्व्हिसिंगवाल्याला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, काजळी कमी झाली हे खरं. पण नायट्रोजनचे वायू असतात ना, ते या तेलाने कधी कधी थोडे वाढतात. ते डोळ्याला दिसत नाय."

"म्हणजे हे वाईट?"

"तसं पण नाय. इंजिनावर असतं, लोडवर असतं. आणि हे तेल भरलं त्याच टायमाला मी इंजेक्टर साफ केलेला, डिझेल फवारतो तो. धूर त्याने पण कमी होतो."

म्हणजे धूर नेमका कशाने गेला, हेही धड कळेना. डॉक्टर म्हणाले, दम्याला निमित्त पुरतं. समोर खोदकामाची धूळही होतीच की. आता मी मिश्रण बंद करा म्हणू की चालू ठेवा? पुन्हा नुसतं डिझेल भरलं तर काजळी आईच्याच छातीत जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. जितकं वाचतो तितका गोंधळ वाढतो, आणि कमिटी मलाच विचारते, कारण हे खूळ माझं.

आई घरी आली. भीती ओसरल्यावर मी तिच्यावरच चिडलो. "जनरेटर चालू होता. खिडकी का नाही लावलीस?"

"मला कुठं ऐकू येतंय? धूर काय दिसला न्हाई," ती म्हणाली. मग जरा दम खाऊन तिने पुढचं सांगितलं. "छाती भराय लागली तवा म्हनलं, बाहेरची हवा चांगली हाय, तूच सांगितलंस की. म्हनून खिडकीत आनखी पुढं सरकून बसले."