मोरीत गेलेला प्रोटॉन

सरांनी ते मणी माझ्यासमोर साबणाने धुतले. एकेक. चोळून चोळून.

घाटकोपरला पंतनगरात त्यांचा दहावीचा क्लास होता. ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. मी तिथे झाडलोट करायची. गाव जालन्याकडचं. शाळा सातवीतच सुटली, लग्न लावलं, नवऱ्याने टाकलं, मुंबई गाठली. सरांनी आडनाव विचारलं, त्यावरून जात ओळखली, तरी काम दिलं. जिन्याखालची खोली दिली. चहाला वेगळा कप, कान तुटका, खिडकीत पालथा. त्याचेसुद्धा मला उपकारच वाटायचे. काम गेलं की खोली जाणार, मग परत गाव. जीव मुठीत धरून वागायची मी.

सर एकच धडा तीन बॅचना शिकवायचे. पोरं एकदा ऐकायची, दारातल्या पायरीवर बसून मी तीनदा. केंद्रकात प्रोटॉन नि न्यूट्रॉन, भोवती इलेक्ट्रॉन. प्रोटॉन किती, तो अणुअंक. प्रोटॉन, न्यूट्रॉन मिळून अणुवस्तुमानांक. न्यूट्रॉन कमीजास्त झाला तरी मूलद्रव्य तेच. प्रोटॉन बदलला की मूलद्रव्यच बदललं.

टेबलावर कार्बनचं मॉडेल होतं. मेणात रोवलेले सहा लाल मणी, ते प्रोटॉन. सहा पांढरे, ते न्यूट्रॉन. भोवती तारेची कडी. "याला हात लावायचा नाही," हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

त्या दिवशी बॅच सुटताना पोरांच्या धक्क्याने ते पडलं. मणी घरंगळले. मी झाडू टाकून ओंजळीत गोळा केले.

"अगं ए! ठेव. खाली ठेव, जमिनीवर."

माझ्या हातून घेतले नाहीत. जमिनीवरून उचलले. मग ते धुणं. दुसऱ्या बॅचची पोरं आत येऊन बसलेली.

"सर, फिनेल आणू का?" एक जण म्हणाला.

हशा. सरही हसले. मीसुद्धा हसले. याचीच मला आज शिसारी येते.

धुताना एक लाल मणी हातातून निसटला, मोरीत गेला. सरांनी डब्यातला जास्तीचा पांढरा घेतला, लावून टाकला. मॉडेल वर धरून म्हणाले, "हा बघा कार्बन. एकूण बारा."

बारा बरोबर. पण लाल पाचच. पोरं वहीत उतरवत होती. खोली डोळ्यांपुढे आली, गाव आलं. तरी तोंडातून निघालंच, "सर, हा कार्बन नाही राहिला. लाल पाच आहेत. पाच म्हणजे बोरॉन."

पुढच्या बाकावरच्या मुलीने मोजले. "हो सर, पाचच."

सरांचा चेहरा उतरला. "तू झाड. एवढं केलं तुझ्यासाठी, त्याचं हे?"

मी मोरीत हात घातला. केस, गाळ, बुळबुळीत साबण. मणी सापडला. धुतला नाही. तसाच टेबलापाशी नेला, पांढरा काढला, लाल रोवला.

"आता कार्बन," मी म्हटलं.

"खोली खाली कर."

"करते."

हाताला मोरीची घाण होती. तिची किळस वाटली नाही. त्या साबणाच्या वासाची वाटली. आणि इतके दिवस तो पालथा कप सरळ करून मी मुकाट चहा प्यायले, त्याची.

कप खिडकीतच ठेवला. गाठोडं बांधलं.

गावी जायचं नाही. पायरीवर बसायचं नाही. दहावीला बाहेरून बसायचं, बाकावर. आणि ज्याला माझा हात धुऊन काढावा लागतो, त्याचे आभार मानायचे नाहीत. कधीच.