काडतुसाची लांबी आणि पाटणकर काका

आमच्या रायफल क्लबात नेम कमी लागतात, किस्से जास्त जमतात. रविवारी सकाळी सात माणसं येतात. एक नेम धरतो आणि उरलेले सहा त्याच्यामागे बसून चहा पितात. सहा रिकामी माणसं आणि थर्मासभर चहा म्हटल्यावर दुसरं काय होणार! त्यातले निम्मे किस्से पाटणकर काकांचे. गंमत म्हणजे काकांनी जन्मात कधी बंदूक चालवली नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. चांगली काडतुसं मिळायची मारामार, म्हणून क्लबने रीतसर परवानगी काढून मोठ्या रायफलीची काडतुसं स्वतः भरायला घेतली. ही सगळी खटपट मुख्यतः एका माणसासाठी होती. अहिरे सर. सटाण्याला शाळेत पी.टी. शिकवायचे आणि दर रविवारी पहिल्या एसटीने नाशिकला यायचे. राज्याच्या संघात जायचं, एवढं एकच वेड. दोनदा एकेका गुणाने हुकलं होतं आणि वय चाळिशीला टेकलं होतं. एरवी अगदी पुस्तकी बोलायचे, पण मन हललं की बागलाणची बोली बाहेर यायची, ‘माझी’चं ‘मनी’ आणि ‘आहे’चं ‘शे’ व्हायचं.

तर सरांच्या गोळ्या कधी वर लागायच्या, कधी खाली. काडतुसांची लांबी सारखी नाही, असं निदान आम्ही केलं आणि व्हर्नियर घेऊन बसलो. बुडापासून टोकापर्यंत मोजायचं, लांब निघालं की गोळी आत दाबायची. जितकं सारखं करायला जावं तितकं ते बिघडत गेलं. मी दातांचा डॉक्टर, त्यामुळे माझा हात सगळ्यात हलका, असं मी स्वतःच जाहीर करून टाकलं होतं. उपयोग शून्य.

एका रविवारी आमच्या मेजरसाहेबांच्या स्कूटरवर मागे बसून त्यांचे शेजारी आले. तेच पाटणकर काका. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तपासणीचं काम करून निवृत्त झालेले. अर्धा तास गप्प बसून पाहिलं आणि मग मला विचारलं, “डॉक्टर, माणसाची उंची मोजताना तुम्ही टोपीसकट मोजता का?”

काकांनी दोन काडतुसं शेजारी उभी केली. गोळीचं टोक शिशाचं, मऊ. डब्यातल्या डब्यातच एकाचं चेपतं, दुसऱ्याचं शाबूत राहतं. नळीला आतून भिडतो तो टोकाखालचा फुगीर भाग. म्हणजे मोजायचं तिथपर्यंत! पुढच्या रविवारी काका लेथवर स्वतः कातलेलं एक पितळी कडं घेऊन आले. ते गोळीवर सरकवलं की बरोबर त्या फुगीर भागावर बसायचं. मग बुडापासून कड्यापर्यंत मोजायचं. आम्ही दोन महिने टोप्या मोजत होतो.

मेजरसाहेब देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले. हात कसला, पक्कडच. ते मोजायचे तेव्हा आकडा नेहमी कमी यायचा, कारण व्हर्नियर इतका आवळायचे. काका म्हणाले, “साहेब, त्याला दाबायचं नाही. विचारायचं.”

साहेबांना ते लागलं. “अहो पाटणकर, आमच्याकडे गोळा पन्नास मीटर इकडे-तिकडे पडला तरी चालायचं.”

“तुम्हाला चालत असेल. ज्याच्या घरावर पडायचा त्याला कधी विचारलंत?”

हा किस्सा सगळ्यात जास्त वेळा स्वतः साहेबांनीच सांगितला आहे. आणि त्या दिवसापासून ते व्हर्नियर दोन बोटांत धरायला लागले, हेही सांगितलं पाहिजे.

आता माझी फजिती. काकांना न सांगता मी माझ्या दवाखान्यासाठी दात बनवणाऱ्या कारागिराकडून अगदी तसंच कडं करून घेतलं. दोन्ही लावून पाहिली तर प्रत्येक काडतुसात तेवढाच, केसभर फरक. मी ऐटीत जाऊन म्हटलं, “काका, तुमचं कडं चुकतंय.” काकांनी दोन्ही लावून दहा काडतुसं मोजली आणि म्हणाले, “दोन्ही बरोबर आहेत. कड्यांच्या भोकात फरक आहे. कुठलंही ठेवा, पण एका घरात एकच सासू बरी.” माझी सासू मी निमूटपणे ड्रॉवरमध्ये ठेवली.

हा माणूस घरी कसा असेल, असं एकदा आम्ही काकूंना विचारलं. काकू पोहे वाढता वाढता म्हणाल्या, “मला बघायला आले तेव्हा ह्यांनी एकच प्रश्न विचारला. उंची किती? मी म्हटलं, पाच फूट एक इंच. तर हे म्हणतात, कोणी मोजली?”

हसू नका. एकदा स्पर्धेला निघायच्या दिवशी सर काडतुसं न्यायला आले आणि काका देईनात. कारण काय, तर काका स्वतः सकाळी उन्हातून चालत आले होते, कडं खिशात तापलं होतं आणि तसंच वापरलं गेलं होतं. फरक पडला असेलच असं नाही, पण पडला नाही असं सांगता येत नाही! कडं तासभर टेबलावर ठेवलं आणि सगळी काडतुसं पुन्हा मोजली. सरांची गाडी चुकली. मी म्हटलं, सर, तुम्ही चिडत कसे नाही? सर म्हणाले, “मी नेम धरतो तेव्हा मला फक्त निशाण दिसतं. लांबीची काळजी तिकडे टेबलावर कोणीतरी करतंय ना.” त्या दिवसापासून काकांविषयी माझ्या मनात जो आदर बसला, तो आजही आहे.

आणि आता तो निवड चाचणीचा दिवस. चाचणी आमच्याच रेंजवर होती. संघात एक जागा उरलेली आणि तिच्यासाठी दोघे: अहिरे सर आणि नांदगावचा शिरसाठ. सरांची शेवटची गोळी दहाच्या रेघेजवळ लागली. भोक रेघेला शिवत असेल तर दहा, नसेल तर नऊ. दहा धरले तर सर संघात, नऊ धरले तर शिरसाठ. पंचांनी छिद्रात घालून बघायचा गेज काढला, तर तो निघाला लहान रायफलीचा.

पंच म्हणाले, दोन माणसांनी वेगवेगळं मोजावं आणि न बोलता चिठ्ठीवर लिहावं. पण मोजणार कोण? शिरसाठच पुढे आला. “काकांना मोजू द्या. लय ऐकलंय त्यांच्याबद्दल. दुसरा मी मोजतो, म्हणजे कुणाला बोलायला जागा नाय.”

काकांनी निशाणाचा कागद टेबलावर सपाट केला. भिंग लावलं. एकदा पाहिलं, कागद फिरवून पुन्हा पाहिलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिलं. चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि बाजूला जाऊन उभे राहिले. शिरसाठनेही बराच वेळ पाहिलं. सर हात मागे बांधून उभे होते.

पंचांनी दोन्ही चिठ्ठ्या उघडल्या. शिरसाठच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, दहा. काकांच्या चिठ्ठीवर, नऊ.

पंचांनी एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि हळूच म्हणाले, “आता कोणाची धरायची?”

“काकांची धरा, साहेब,” अहिरे सर म्हणाले. “मनी आजपर्यंतची प्रत्येक गोळी त्यांनीच मोजेल शे.”